कांडी

चिंचोळी एमआयडीसी, शेड नंबर सात. रात्रीचे दोन.
बाहेर एप्रिल. भिंतीला हात लावावा तर भिंत चावते.
आत काचेच्या भांड्यात तीस अंश, न हलणारे;
आमच्या विकरांना सोलापूर झेपत नाही.

भांड्यात अमोनियाचं मीठ आहे, बाहेरून मागवलेलं,
सोनाराकडे घ्यावं तसं मोजून घेतलेलं.
त्यातला नायट्रोजन नेहमीपेक्षा एका न्यूट्रॉनने जड.
दिसायला तोच, वागायला तोच,
चवही तीच असणार, मी चाखलेली नाही.
नान्ना विचारायचे, किरणं-बिरणं येत नाहीत ना गं?
नाही नान्ना, तो नुसता जड आहे.
मग कशाला?
चादरीत तुम्ही एक धागा वेगळ्या रंगाचा सोडता,
कुठून निघाला, कुठे पोचला ते उलट्या बाजूनंही कळतं.
तसा.
कुठल्याशा दवाखान्यात एका किडकिडीत बाळाच्या दुधात
माझं ल्युसिन कालवतील
आणि मोजतील, किती अंगी लागलं,
किती नुसतंच वाहून गेलं.

पण रात्र जागवते ती दुसरीच, पिवळट, चिमूटभर पूड.
बाटलीवरची किंमत वाचून मल्लिनाथ म्हणाला होता,
चिलवेरी मॅडम, ह्यात दोन म्हशी येतेत की.
ती हायड्रोजन आणते, देते, रिकामी होते.
एकदाच वापरायची तर शेड विकावी लागेल.
म्हणून भांड्यात आणखी एक विकर, बिनबोभाट:
ते फॉर्मेट खातं, मुंगीच्या डंखातल्या आम्लाचं मीठ,
एक बुडबुडा सोडतं,
आणि रिकामीला भरून परत पाठवतं.
जा. ये. जा. ये.
हजारदा, तीच चिमूट.

कॉलेजात हे पान पहिल्यांदा वाचलं
तेव्हा अर्थाच्या आधी आवाज आला होता:
नीलम नगर, पत्र्याखाली माग,
नान्नांचा धोटा इकडून तिकडे,
आणि कोपऱ्यात अम्मा, सायकलच्या जुन्या चाकावर
कांड्या भरत.
व्यापारी चादर उलगडायचा, नान्नांच्या हाताचं कौतुक करायचा,
रंगाचं करायचा, सुताच्या नंबराचंसुद्धा.
चादरीत कांडी कुठे असते?
समीकरणातही तिला बाणाच्या डोक्यावर
एका वाकड्या कमानीत बसवतात. आली, गेली.
बेरजेत धरत नाहीत.

सव्वादोनला आलेख आडवा पडला.
साठ टक्के, आणि पुढे नाही.
मल्लिनाथ म्हणाला, मेलं असंल विकर, झोपा आता.
तापमान जागेवर. पीएच जागेवर. ढवळणी फिरतेय.
मी भांड्याला कान लावला. मूर्खपणा, पण लावला.

अम्मा आत भाकरी थापता थापता ओरडायची, कांडी संपली!
आम्हाला खटखट तीच ऐकू यायची.
तिला ठाऊक होतं, सुताशिवाय पळणारा धोटा
जरासा हलका वाजतो.

बुडबुडे नव्हते.
पंपामागे फॉर्मेटची नळी दुमडली होती,
स्टुलाच्या पायाखाली, बोटभर.
सोडवली. एक थेंब. पुष्कळ वेळ काहीच नाही.
मग तळातून एक बुडबुडा, मग त्याच्या मागे दोन,
आणि मल्लिनाथनं न सांगता चहा ठेवला.

पहाटे वस्तुमानाच्या यंत्रावर नमुना चढवला.
साधं ल्युसिन एकशे बत्तीसवर उभं राहतं.
माझं एकशे तेहतीसवर होतं,
एक घर पुढे, एकटं, ताठ.

सहाला अम्माला फोन लावला.
तिन्नावा? तिचा पहिला प्रश्न.
नाही अजून.
मग रात्रभर काय करत होतीस?
कुठून सुरू करणार. म्हटलं,
कांड्या भरत होते.
मला वाटलं, हसेल.
पलीकडे कुकरची शिट्टी झाली, नळाला पाणी आलं असावं,
बादली सरकल्याचा आवाज.
मग म्हणाली,
शेकड्याला किती देतात?